गळक्या मोटरहोमचा ऑक्टोबर

ऑक्टोबर लागला की आमच्या इथल्या हार्डवेअरच्या दुकानात दाराशीच गुलाबी बाटल्यांची रास लागते. एकेका गॅलनच्या. हिवाळ्यात पाइप गोठून फुटू नयेत म्हणून लोक मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, नळांतून हे औषध फिरवून ठेवतात. आमच्याकडे मोटरहोम नाही. ती विकून तीस वर्षं होऊन गेली. तरी मी त्या राशीपाशी थांबतो, एक बाटली उचलतो, मागची बारीक अक्षरं वाचतो आणि परत ठेवतो.

"बाबा, यू डोन्ट इव्हन ओन वन," निखिल परवा म्हणाला. सनीव्हेलहून दोन दिवसांसाठी आला होता आणि घर गरम ठेवणाऱ्या आमच्या फर्नेसचा फिल्टर शोधत होता.

"बघतोय नुसतं."

"एव्हरी इयर," तो म्हणाला आणि फिल्टर घेऊन काउंटरकडे गेला.

बाहेर आमच्या ट्रॉय गावातली ऑक्टोबरची दुपार होती. ओल्या पानांचा वास. घरी आलो तर सुधानं त्या मोसमात पहिल्यांदा हीट लावली होती आणि वर्षभर साठलेली धूळ जळल्याचा तो करपट वास घरभर पसरला होता. हा वास आला की मला ऐंशीच्या दशकातला एक ऑक्टोबर आठवतो. तेव्हा काय वाटत होतं असं विचाराल तर सांगता येणार नाही, कारण काही वाटत नव्हतं. वस्तू मात्र लख्ख आठवतात. पुट्टीची सुरी. शिडीची तिसरी पायरी, जी हलायची. नारिंगी चौकड्यांच्या गाद्या. हाताला लागलेलं, फटी बुजवायचं पांढरं सीलंट, जे आठवडाभर निघायचं नाही आणि ऑफिसात लोक विचारायचे, रंगकाम काढलंय का.

त्या वर्षी जुलैच्या अखेरीस आमचं पहिलं मूल गेलं. मुलगी होती. आठवा महिना होता. एका सकाळी सुधा म्हणाली, "कालपासून हालचाल नाही." हॉस्पिटलमध्ये तपासायला घेतलं आणि त्या खोलीत एकेक करून माणसं वाढत गेली, बोलणं कमी होत गेलं. बाळंतपण मात्र सगळं व्हावं लागलं. शेवटी तिला गुंगीचं औषध दिलं होतं. ती जागी झाली तेव्हा खोली आवरलेली होती.

तिच्या आईनं नागपूरहून सप्टेंबरचं तिकीट काढलं होतं. ते मी फोन करून कॅन्सल केलं. ऑफिसातून चार दिवस रजा घेतली. मी गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या डिझाइन करायचो. पाचव्या दिवशी परत जाऊन त्याच बिजागरीच्या ड्रॉइंगसमोर बसलो. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. मी थँक यू म्हणालो. घरी आलो की सुधा खालच्या मजल्यावर सोफ्यावर बसलेली असायची. वरच्या मजल्यावर एक खोली आम्ही फिक्या पिवळ्या रंगानं रंगवली होती. ती वर जातच नव्हती. मग मीही रात्री खालीच सतरंजी टाकू लागलो. याबद्दल आम्ही एक शब्दही बोललो नाही. भांडलोही नाही. भात लावू का, लाव. दूध आणायचंय, आणतो.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांकडे तपासणी होती. तिथून परत येताना सुधा एकदम म्हणाली, "थांबा."

एका घराच्या अंगणात एक जुनी मोटरहोम उभी होती. बदामी रंग, कडेनं चॉकलेटी पट्टा, काचेवर 'फॉर सेल'चा पुठ्ठा. मला वाटलं तिला मळमळतंय. ती उतरली आणि सरळ त्या गाडीकडे चालू लागली.

मालकाचं नाव वॉल्ट. सत्तरीचा, उंच, कानात यंत्र. त्याच्या बायकोचे गुडघे गेले होते, तिला पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून विकायला काढली होती. त्यानं दार उघडलं. आत ओल्या प्लायवूडचा आणि उंदरांचा वास होता. नारिंगी चौकड्यांच्या गाद्या, टेबल मोडलं की पलंग, एक बुटका फ्रिज, दोन बर्नरची गॅसची शेगडी, पाठीमागे कपाटाएवढी बाथरूम. छतावर तपकिरी डाग पसरले होते.

"छत गळतं," वॉल्ट म्हणाला. "नाही म्हणालो तर खोटं होईल. दाराजवळची जमीनही मऊ झालीय."

सुधा केमिस्ट्रीची एम.एस्सी. तिनं डागाला बोट लावलं, बोट पाहिलं. महिनाभरात मी तिला कशाकडे एवढं नीट पाहताना बघितलं नव्हतं.

"कुठून गळतं?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"तेच तर शोधावं लागतं," वॉल्ट म्हणाला. "पाणी जिथून शिरतं तिथं दिसत नाही. आतल्या आत चालत जातं आणि भलतीकडेच टपकतं."

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "ही घ्यायची."

मी का म्हणून विचारलं नाही. त्या दिवसांत तिनं काहीही मागितलं असतं तरी मी आणलं असतं. ती काहीतरी मागतेय, एवढंच मला पुरेसं होतं. पुष्कळ वर्षांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "तिच्यात आपल्या ओळखीची एकही वस्तू नव्हती."

तर ती बावीस फुटी गाडी आमच्या ड्राइव्हवेत येऊन उभी राहिली आणि सुधा तिच्यात राहायलाच गेली म्हणा ना. सकाळचा चहा तिथं, दुपारचं जेवण तिथं. मी ऑफिसातून आलो की ती छपरावर असायची, माझी जुनी पँट घालून, डोक्याला रुमाल बांधून. छप्पर पत्र्याचं. जिथं जिथं पत्र्याला सांधा होता, हवेची खिडकी होती, पाइप वर आलेला होता, तिथं जुनं सीलंट वाळून भेगाळलं होतं. ते सगळं खरवडून काढायचं होतं. नुसत्या सुरीनं निघत नसे, म्हणून ती घरातून लांब वायर ओढून हेअर ड्रायर वर नेई, सीलंट गरम करून मऊ करी आणि बोट बोट पुढे सरके. मी खाली शिडी धरून उभा. वरून वाळक्या सीलंटचे तुकडे डोक्यावर पडत. तास-तास आम्ही असे असायचो. "सुरी." "घे." "फडकं." "घे."

शनिवारी वॉल्ट यायचा. त्याला आम्ही बोलावलं नव्हतं आणि तो कधी विचारायचाही नाही. शिकवायचा मात्र शाळेतल्या मास्तरासारखा. फ्रिज गॅसवर चालतो, पण गाडी सपाट उभी नसेल तर थंड होत नाही. मागच्या चार चाकांतल्या आतल्या दोन चाकांची हवा कुणी बघत नाही, ती आधी बघा. मैलापाण्याची टाकी पूर्ण भरल्याशिवाय रिकामी करू नका. इंजिनाचं झाकण दोन सीट्सच्या मध्ये, गाडीच्या आतच होतं. ते उघडून त्यानं मला कार्ब्युरेटर दाखवला. मी तो सोडवून साफ केला, परत बसवला, तर दोन स्क्रू हातात उरले. सुधानं ते माझ्या हातातून घेतले, झाकणात डोकं घातलं आणि त्यांची जागा शोधली. मग दाराजवळची कुजलेली जमीन तिनंच हातकरवतीनं कापली. ओलं लाकूड ब्रेडसारखं तुटत होतं. खाली उंदराचं घरटं निघालं, नारिंगी गादीतल्या कापसाचं. तिनं ते दोन्ही हातांनी उचललं, थोडा वेळ तसंच धरलं आणि कुंपणाशी नेऊन ठेवलं.

एका रविवारी इनामदार काका-काकू डबा घेऊन आले. काका मुंबईचे, डॉक्टर, आमच्या कितीतरी आधी इथे आलेले. आम्हा सगळ्यांचं अडलंनडलं त्यांच्याकडेच जायचं. काकू मोटरहोमची पायरी चढल्या आणि इकडेतिकडे पाहत राहिल्या.

"अगं, एवढं चार बेडरूमचं घर आहे ना? या डब्यात काय बसतेस?"

"बरं वाटतं, काकू."

"हे बघ, झालं गेलं मनातून काढून टाकायचं. पुढच्या वर्षी आम्ही बारशाला येतो की नाही बघ."

"काकू, पाय जरा अलीकडे घ्या," सुधा म्हणाली. "तिथली फळी अजून ठोकली नाहीये."

बाहेर काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिला काही सांगितलं नाहीस ना?"

"नाही."

"नकोच. दिसलं की आयुष्यभर दिसत राहतं. तू सोसतोयस तेवढं पुरे."

हे काकांनी मला पहिल्या दिवशीच हॉस्पिटलात फोनवर सांगितलं होतं. वाईट हेतू नव्हता. त्या पिढीच्या डॉक्टरांना खरोखरच तसं वाटायचं. सुधा गुंगीत असताना एका नर्सनं मला विचारलं होतं, बघायचंय का. मी हो म्हणालो होतो. तिनं पांढऱ्या फडक्यात गुंडाळून आणलं, मी उभ्या उभ्याच पाहिलं. मग एक बाई कागद घेऊन आली, पुढची व्यवस्था हॉस्पिटलनं करायची असेल तर इथे सही. मी केली. सुधा जागी झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी म्हणालो, "त्यांनी नेलं. मी पण नाही पाहिलं."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नागपूरहून तिच्या बाबांचं पत्र आलं. चार-सहा महिने इकडे ये, हवापालट होईल. तिनं ते गाडीतल्या टेबलाशी वाचलं, घडी घातली.

"नोव्हेंबरचं तिकीट बघून ठेवा," ती म्हणाली.

"परतीचं कधीचं?"

"ते नंतर बघू."

मी बरं म्हणालो. दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल एजंटला फोनही केला. आत काहीतरी हलायला हवं होतं, एवढं मला कळत होतं. हललं नाही. रेडिओ लावून बिजागरीच्या मापांची टॉलरन्स तपासत बसलो.

आमचं लग्न झालं तेव्हा सुधा नागपूरचं बोलायची, 'येऊन राहिले', 'करून राहिले'. पुण्याच्या माझ्या घरात सगळे हसायचे, म्हणून तिनं ते प्रयत्नपूर्वक सोडलं होतं. त्या ऑक्टोबरात ते परत आलं. "पाऊस येऊन राहिला," ती म्हणायची आणि छपरावर ताडपत्री ओढायची.

छप्पर पूर्ण झालं तेव्हा महिना अर्धा सरला होता. वॉल्ट म्हणाला, "कडक थंडीच्या आत एकदा बाहेर काढा. उभ्या गाडीत काय बिघडलंय ते कळत नाही." म्हणून आम्ही शुक्रवारी निघालो, उत्तरेला, लेक ह्युरॉनच्या काठच्या एका कॅम्पग्राउंडवर. मोसम संपला होता. रिकाम्या जागा, शेकोटीसाठी रोवलेली लोखंडी कडी, आणि झाडांपलीकडे राखाडी पाणी. शनिवारी सकाळपासून पाऊस लागला. मुसळधार नव्हे, पण थांबायचं नाव नाही. पत्र्यावर इतका आवाज होता की बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागे, आणि बोलण्यासारखं काही नव्हतं. मी वर्तमानपत्र वाचत होतो. सुधानं स्टुलावर चढून छतावरून हात फिरवायला सुरुवात केली. पुढच्या काचेपासून मागच्या बाथरूमपर्यंत, फळी फळी. दुपारी परत एकदा. संध्याकाळ व्हायच्या आधी आणखी एकदा.

"कोरडं आहे," ती म्हणाली आणि माझ्या समोर येऊन बसली. घामानं केसांची बट कपाळाला चिकटली होती.

"छान झालं काम," मी म्हणालो.

"तुम्ही पाहिलं होतं ना तिला?"

मी पेपर खाली ठेवला. अडीच महिने मी या प्रश्नाची वाट पाहत होतो आणि उत्तर तयार ठेवलं होतं. ते आलंच नाही.

"हो," मी म्हणालो.

ती हलली नाही. पावसाचा आवाज होता म्हणून मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मी परत म्हणालो, "हो. पाहिलं."

"कशी होती?"

"केस खूप होते. काळे. ओले होते."

"आणि?"

"कपाळ तुझ्यासारखं. मोठं. डोळे मिटलेले. एक हात बाहेर होता फडक्याच्या. नखं होती हाताला."

"नखं होती?"

"वाढलेली. कापायला हवीत अशी."

"परत सांगा," ती म्हणाली.

मी परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. दरवेळी काहीतरी नवीन आठवत होतं, हनुवटी, कानाची पाळी, उजव्या भुवईवरचा लाल ठिपका. मी एखाद्या पार्टचं वर्णन करावं तसं सांगत होतो, माझ्या आवाजात काही नव्हतं, आणि ते मलाच ऐकू येत होतं.

"अडीच महिने माझ्याशी बोलून राहिले तुम्ही," ती म्हणाली, "आणि हे नाही बोलले."

"काका म्हणाले होते..."

"काकांची होती का ती?"

मी खाली ठेवलेल्या पेपरची घडी घातली.

"कुठे आहे?"

"माहीत नाही. मी सही केली."

"कशावर?"

"वाचलं नाही."

तेव्हा ती रडेल असं मला वाटलं होतं. ती उठली, शेगडीवरचं भांडं उचललं, सिंकमध्ये ठेवलं, परत उचललं, परत ठेवलं. मग पाठमोरीच म्हणाली, "तुम्हाला एकट्यानं ती ठेवून घ्यायची होती." मला तसं कधीच वाटलं नव्हतं. पण तिनं म्हटल्यावर, नाही असंही म्हणता येईना.

सकाळी पाऊस थांबला होता. ती ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. सुधा तोवर फ्रीवेवर साधी कारसुद्धा चालवत नसे. त्या गाडीचं स्टीअरिंग सैल होतं, दोन बोटं फिरवलं तरी चाकाला पत्ता लागायचा नाही, आणि बाजूनं ट्रक गेला की सगळं घर हेलकावे खायचं, कपाटातले चमचे खणखणायचे. साडेतीन तास ती दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून चालवत राहिली. मी इंजिनाच्या गरम झाकणावर हात ठेवून बसलो होतो. हात भाजायला लागल्यावर काढला.

सोमवारी तिनंच हॉस्पिटलला फोन केला. मंगळवारी परत. बुधवारी एका बाईनं कागद शोधून सांगितलं, पालकांनी ज्यांची व्यवस्था सोपवलेली असते त्या बाळांना अमुक दफनभूमीत एका कोपऱ्यात पुरतात; तिथल्या ऑफिसात रजिस्टर आहे.

पुढचं सगळं आधीच सांगून टाकतो, कारण मला त्या ऑक्टोबरातच थांबायचंय. सुधा नोव्हेंबरात नागपूरला गेली. मार्चमध्ये परत आली. परतीचं तिकीट तिनंच तिथून काढलं होतं, मला फक्त फ्लाइट नंबर कळवला. मधल्या काळात मी दर रविवारी मोटरहोमचं इंजिन वीस मिनिटं चालू ठेवून आत बसायचो. तिनं मला माफ केलं की नाही, हे मी विचारलेलं नाही. तीन वर्षांनी निखिल झाला आणि पुढे त्या गाडीच्या नव्या फळ्यांवर तो चालायला शिकला. छप्पर दर दोन वर्षांनी नव्यानं बुजवावं लागायचं. इनामदार काकांना तिनं कधीच काही बोलून दाखवलं नाही. त्यांच्या शेवटच्या आजारात त्यांना सूप नेऊन द्यायची. काकांनी एकदा तिचा हात धरून काहीतरी बोलायला सुरुवात केली, तेव्हा म्हणाली, "आधी संपवा बघू हे."

तर ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. लख्ख ऊन आणि हाडात शिरणारी थंडी. मी कारची किल्ली घेतली तर सुधा म्हणाली, "ती नको. ही." म्हणून आम्ही मोटरहोम घेऊन निघालो. दफनभूमीचं फाटक अरुंद होतं. एक जाडजूड माणूस, डोक्यावर लोकरी टोपी, काखेत लांबोडं रजिस्टर, बाहेर आला आणि आमच्या गाडीकडे बघत उभा राहिला. आम्ही वाट चुकलोय असं त्याला वाटलं असावं. सुधानं खिडकीतून तारीख सांगितली. फक्त तारीख. त्यानं टोपी काढली, परत घातली आणि म्हणाला, "डावीकडून या. हळू. मी पुढे चालतो."

तो पुढे चालत राहिला आणि आम्ही त्याच्या मागे, चालीच्या वेगानं. अगदी टोकाला, कुंपणाशी, गवतात सिमेंटच्या छोट्या गोल चकत्या बसवल्या होत्या, बशीएवढ्या, प्रत्येकीवर एक आकडा. त्यानं रजिस्टर बघून रांग मोजली आणि एका चकतीपाशी थांबला. सुधा खाली बसली. चकतीवरची पानं तिनं बाजूला केली, कडेनं वाढलेलं गवत बोटांनी खुडलं आणि मग तळहात जमिनीवर ठेवून बसून राहिली. मी बाजूला उभा होतो. मला काहीतरी व्हायला हवं होतं. मी गाडीकडे पाहिलं आणि मागच्या डाव्या टायरच्या कडेला पडलेल्या चिरा मोजल्या. अकरा होत्या.

मग सुधा उठली, गाडीत गेली आणि शेगडी पेटवली. चहाचा वास आला तेव्हा तिनं दारातून त्या माणसालाही हाक मारली. तो नको नको म्हणत आला. पायऱ्यांवरून टोपी हातात घेऊन वाकून आत शिरला आणि टेबलाशी अवघडून बसला. आल्याचा चहा त्यानं बहुधा पहिल्यांदाच प्यायला. दोन घोट घेऊन कप खाली ठेवला आणि रजिस्टर उघडून आमच्या पुढ्यात सरकवलं. त्या ओळीत तारीख होती, चकतीचा आकडा होता, पुढे 'बेबी गर्ल' आणि आमचं आडनाव, तेही चुकलेल्या स्पेलिंगनं.

"आडनाव दुरुस्त करतो," तो म्हणाला. खिशातून पेन्सिल काढली, थुंकी लावून टोक ओलं केलं. मग सुधाकडे पाहून म्हणाला, "मॅडम, नाव काय तिचं?"

हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता. आमच्या आयांनी नाही, मित्रांनी नाही. आम्ही एकमेकांनासुद्धा नाही. मी सुधाकडे पाहिलं. काय सांगायचं ते आता आम्हाला ठरवावं लागेल, असं मला वाटलं.

"रेवा," ती म्हणाली. क्षणभरही थांबली नाही.

"स्पेलिंग?"

तिनं एकेक अक्षर सांगितलं आणि तो एकेक अक्षर लिहीत गेला. कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज येत होता. माझ्या मुलीचं नाव मी असं पहिल्यांदा ऐकलं, एका अनोळखी माणसाबरोबर, अक्षर अक्षर करून. त्यानं लिहून झाल्यावर वही फिरवली आणि बरोबर आहे का बघायला सांगितलं. सुधानं वाचलं, मान हलवली आणि वही माझ्याकडे सरकवली.

"वाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं."

मी वाचलं.